कोनता मेसराम?

माझं आडनाव मेश्राम. पहिलं नाव मुद्दामच सांगत नाही. ते सांगून माझी ओळख पटली असती, तर हा लेख लिहायची वेळच आली नसती. तुमसरच्या बसस्टँडवर उभं राहून कुणी माझं नाव मोठ्यानं घेतलं, तर किमान तिघं मागं वळून पाहतील. त्या तिघांत मी असेनच असं नाही. मी आता वळणं सोडलं आहे.

आमच्या भंडारा जिल्ह्यात आडनावं मोजकी. मेश्राम, रामटेके, गजभिये, खोब्रागडे, बोरकर; तिकडं पोवारांत पटले, बिसेन, कटरे, टेंभरे, रहांगडाले. पोवारांची तर कुळंच छत्तीस सांगतात. लोकसंख्या लाखांवर गेली, पण कुळं वाढवायची कुणाला सुचली नाहीत. कोकणातल्या माणसाचं बरं असतं. गाव तितकी आडनावं, मागं 'कर' लावलं की झालं. अर्थात 'कर' लावूनही सुटका नाहीच. बोरकर म्हटलं की गोव्याच्या माणसाला कवी आठवतो आणि भंडाऱ्याच्या म्हाताऱ्याला १९५४ ची पोटनिवडणूक. त्या निवडणुकीत आमच्या जिल्ह्यानं खुद्द बाबासाहेबांना पाडून भाऊराव बोरकरांना निवडून दिलं. त्या बोरकरांचं नाव जिल्हा विसरू शकत नाही, आणि ज्या कारणानं आठवतं ते कारण कुणाला सांगू शकत नाही.

पहिल्या नावांचंही तसंच. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि आमच्या वस्तीतली नावं बदलली. कचरू, दगडू, धोंडू मागं पडले. सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, आनंद आले. नावं चांगली होती, म्हणून सगळ्यांनीच घेतली. बोडीत एक म्हैस उतरली की मागं सगळा कळप उतरतो, तसं. पुढं क्रिकेटमुळं सुनील आले, मग सचिन आले, आणि शाळेच्या हजेरीत एका इयत्तेत चार-चार 'उपस्थित' एकाच नावाला यायला लागले.

माझा जन्म १९६० चा. आई सांगायची, "धान कापाले गेली होती, बांधीतूनच घरी आली, अन् तू झाला." म्हणजे कार्तिक तरी असणार. शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी दाखल-खारीज रजिस्टर उघडलं आणि आईला काही न विचारता १ जुलै लिहिली. माझ्या वयाच्या अर्ध्या जिल्ह्याचा जन्म १ जुलैचा आहे. आमच्या आया कापणीत, रोवणीत, होळीत, पोळ्याला, केव्हाही बाळंत झाल्या, तरी गुरुजींच्या हिशेबानं सगळी पोरं शाळा उघडल्यावर जन्मली.

तेवढ्यानं भागलं असतं. पण माझ्या आधी रांगेत जो पोरगा उभा होता, त्याचं नाव माझंच. त्याच्या बापाचं नावही माझ्याच बापाचं. गुरुजींनी त्याची ओळ लिहिली, माझ्याकडं पाहिलं, नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, एक उसासा टाकला आणि खालच्या ओळीत लिहिलं : 'वरीलप्रमाणे'.

सरकारदरबारी माझी ही पहिली नोंद. मी वरीलप्रमाणे आहे.

तो वरचा पुढं एसटीत कंडक्टर झाला, मी प्राथमिक शाळेत मास्तर. गावानं आमचा प्रश्न एका दिवसात सोडवला. तो मेश्राम कंडक्टर, मी मेश्राम मास्तर. मागून आणखी आले. चिखल्याच्या मँगनीज खाणीत लागला तो मेश्राम मेट, भंडाऱ्याच्या कोर्टात काळा कोट घालून जाऊ लागला तो मेश्राम वकील, आणि गावातला पहिला एमबीबीएस तो मेश्राम डॉक्टर. पाच जण, एक नाव. गावात कुणी विचारलं, "मेसराम हाये का जी?" की समोरचा पहिल्यांदा विचारतो, "कोनता मेसराम?" उत्तरात धंदा आला की माणूस सापडतो. यात नवीन काही नाही. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही एके काळी आडनावं कुठं होती? ती कामं होती, त्यांच्या सनदा होत्या. मुंबई राज्यानं १९५० साली कायदा करून कुलकर्णी वतनं रद्द केली. आडनाव मात्र एकाही कुलकर्ण्यानं परत केलं नाही.

गावाला जे एका दिवसात जमलं, ते कचेरीला चाळीस वर्षांत जमलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हे मत मी फुकट कमावलेलं नाही.

१ मे १९९९ ला भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला. सात तालुके इकडं राहिले, बाकीचे तिकडं गेले. कपाटं वाटली गेली, टेबलं वाटली गेली, माणसं वाटली गेली. देवरीकडं शिकवणारा आणखी एक मेश्राम होता, नाव अर्थातच हे. तो गोंदियाला गेला. त्याच्याबरोबर सेवापुस्तिका गेली ती माझी. मी भंडाऱ्यात, माझी नोकरी गोंदियात. पगार मिळत होता म्हणून मला दोन वर्षं पत्ताच लागला नाही. लागला तोवर त्यानं उपभोगलेली अर्जित रजा माझ्या शिल्लक रजेतून वजा झाली होती, आणि मी केलेल्या एका प्रशिक्षणाबद्दल तो शाबासकी घेऊन मोकळा झाला होता.

ज्यांना सेवापुस्तिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिच्या पहिल्या पानावर सरकारी नोकराची संपूर्ण ओळख असते : नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, उंची, बोटांचे ठसे आणि 'ओळखीची खूण'. एका कचेरीतल्या बाबूंनी आम्हा दोघांना समोरासमोर उभं करून दोन पुस्तिका उघडल्या. नाव जुळलं. जन्मतारीख जुळली; दोघंही १ जुलै. उंचीत अर्ध्या इंचाचा फरक होता, तो त्यांनी केसांवर घातला. उरली खूण. दोन्ही पुस्तिकांत लिहिलं होतं, 'डाव्या गालावर तीळ'. बाबूंनी चष्मा वर करून दोन्ही गाल पाहिले. दोघांच्याही गालावर तीळ नव्हता. खूण काय सांगायची हे नोकरीला लागताना कुणालाच सुचत नाही, आणि भरून घेणाऱ्या कारकुनाला तीळच सुचतो. शेवटी बाबू म्हणाले, "तुम्ही दोघं आपसात ठरवून सांगा, कोण कोण ते." पंधरा मिनिटं आम्ही व्हरांड्यात चहा पीत ठरवलं. खरं सांगतो, एक क्षण मोह झाला होता. त्याच्या पुस्तिकेत रजा जास्त शिल्लक होती.

पुढं सेतूत पॅन कार्ड काढायला गेलो, तर संगणकावरच्या पोरानं मानच वर केली नाही. "काका, तुमचं आधीच आहे." मी म्हटलं, ते कंडक्टरचं असेल. तो म्हणाला, नाव तेच, वडिलांचं तेच, जन्मतारीख तीच, म्हणजे तुम्हीच. एका माणसानं दोन पॅन बाळगली तर दहा हजार रुपये दंड आहे, हेही त्यानं ऐकवलं. माणूस आपण एक आहोत हे सिद्ध करायला कचेरीत जातो. मला आम्ही दोघं आहोत हे सिद्ध करायचं होतं. त्यासाठी कंडक्टरला ड्युटी बदलायला लावून सोबत नेलं. दोघं खिडकीशी खांद्याला खांदा लावून उभे राहिलो, तेव्हा कुठं त्या पोरानं मान वर केली.

पॅनची गंमत वेगळीच आहे. त्यात दहा अक्षरं-आकडे असतात. कार्ड साध्या माणसाचं असेल तर चौथं अक्षर इंग्रजी 'पी', आणि पाचवं त्याच्या आडनावाचं पहिलं. म्हणजे देशातल्या यच्चयावत मेश्रामांच्या पॅनमध्ये मधोमध 'पीएम' आहे. मोरे, मोहिते, मुळे, म्हात्रे यांच्याही आहे, पण त्यांना ते मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या मेटनं मात्र ऐकल्यापासून बाजारात भाव करणं सोडलं.

आता परवान्यांकडं येतो, कारण खरी मौज तिथं आहे. आम्हा पाचांपैकी प्रत्येकाचं नाव कुठल्या ना कुठल्या सरकारी वहीत आहे. निवृत्तीनंतर वेळ होता म्हणून कुणाचा कायदा कोणता ते मी काढत बसलो. वकिलाची सनद अधिवक्ता अधिनियम १९६१ ची. मेटला खाण सुरक्षा महासंचालनालयाचा दाखला लागतो, ती नियमावली १९६१ ची. नोंदणी नसताना महाराष्ट्रात कुणी डॉक्टरकी करू नये म्हणून जो कायदा आहे, तो १९६१ चा. माझी नोकरी जिल्हा परिषदेची. जिल्हा परिषदा जन्मल्या त्या १९६१ च्या अधिनियमातून. ज्या आयकरापायी पॅन निघालं त्याचा तेव्हाचा कायदा १९६१ चा. मी पाळण्यात होतो, आणि दिल्ली-मुंबईत माझ्या नावाची एवढी जंगी तयारी चालू होती! माणसांत नाव एक आणि सालं वेगळी असतात. कायद्यांत नावं वेगळी आणि साल एक. त्यांच्याही गुरुजींनी 'वरीलप्रमाणे' लिहिलं असावं. एकट्या कंडक्टरचा कायदा तेवढा १९८८ चा. मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हरसारखंच कंडक्टरलाही स्वतंत्र लायसन्स आहे, आणि वर छातीवर बिल्ला. बिल्ल्यावर नंबर असतो. "मास्तर, तुले कोनी नंबरानं ओरखते का?" असं तो मला अधूनमधून ऐकवतो.

त्याचं खरं आहे. वहीत आम्ही सगळे नंबरानं राहतो. वकिलाच्या सनदेला महाराष्ट्राची तीन अक्षरं, क्रमांक आणि साल असतं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक छापलेला असतो, आणि दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करताना मधल्या काळात आपण काही शिकलो याचे गुणांक त्याला वैद्यक परिषदेला दाखवावे लागतात. (मास्तरांना अशी काही अट नाही. असती तर काय झालं असतं याचा मी विचार करत नाही.) नंबर कधी कुणाचा चुकत नाही. चुकतं ते नाव. आणि जग चालतं नावावर.

डॉक्टर मेश्रामचे फोन मला येतात. कुणाच्या तरी मोबाइलात दोन मेश्राम आणि रात्रीचे दोन वाजलेले. "डाक्टरसाहेब, पोराले हगवन लागली जी." मी मास्तर आहे म्हणेपर्यंत माउली रडायला लागलेली असते. मग मी आरोग्याच्या धड्यात चाळीस वर्षं शिकवलेलं तेच सांगतो : उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर, चमच्या-चमच्यानं पाजा, आणि उजाडताच दवाखान्यात न्या. दोनदा ते पोर दवाखान्यात न्यायच्या आधीच बरं झालं. हे मी डॉक्टरला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर त्यानं मला १९६१ चा तो कायदा वाचून दाखवला. त्याच्याकडं माझे फोन जातात. पोराची टी.सी. पाहिजे, बोनाफाइड पाहिजे. तो सगळ्यांना एकच सांगतो, "सोमवारी या." आजवर एकानंही ओळखलं नाही की हा मास्तर नव्हे.

कंडक्टरनं सुट्टे दिले नाहीत म्हणून मला बाजारात दोन जणांनी धरलं. वकिलाची तारीख होती म्हणून कोतवाल माझ्या दारात समन्स घेऊन आला, आणि मी घरी नव्हतो तर बायकोनं सही करून घेतलं. संध्याकाळी तिनं मला एकच विचारलं, "खोटं नका सांगू, काय केलं तुमी?" मेटच्या नावाचं मात्र माझ्याकडं काही आलं नाही. एकदा फक्त सुरुंगाची तारीख विचारायला कुणी आला होता, तो माझं अंगण पाहून परत गेला.

याच्या उलटही होतं. एका नावाचे पाच होतात तसे एका माणसाचेही दोन होतात. आमच्या झाडीबोलीत 'श' नाही, म्हणून बोलताना आम्ही 'मेसराम'. इंग्रजीत लिहिताना कुणी मधे 'एच' घातला, कुणी नाही, एकानं शेवटी आणखी एक 'ए' चिकटवला. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेत एच आहे, डी.एड.च्या नाही. त्यामुळं दहावी पास झाला तो वेगळा आणि मास्तर झाला तो वेगळा. मग प्रतिज्ञापत्र : 'मी आणि मी एकच इसम आहोत.' वकील मेश्रामनं करून दिलं. फी घेतली नाही, पण खाली सही करताना त्याचं नाव आणि वर माझं, दोन्ही पाहून नोटरी म्हणाले, "स्वतःचंच प्रतिज्ञापत्र स्वतः ओळखता येत नाही, वकीलसाहेब."

हसू नका, याच नावांच्या घोळात लोकसभेचे उमेदवार पडले आहेत. २०१४ ला रायगडात सुनील तटकरे २,११० मतांनी हरले. दुसरे एक सुनील तटकरे अपक्ष उभे होते, त्यांना ९,८४९ मतं पडली. त्याच निवडणुकीत, आपल्या साकोलीवरून रायपूरकडं जाणारा महामार्ग पुढं ज्या महासमुंद जिल्ह्यातून जातो, तिथं चंदू साहू नावाचे अकरा उमेदवार होते. त्यातला खरा, म्हणजे भाजपचा, अजित जोगींविरुद्ध १,२१७ मतांनी कसाबसा निघाला. २०२४ मध्ये हा प्रकार थांबवा म्हणून कुणी सर्वोच्च न्यायालयात गेलं. खंडपीठावर आमच्या विदर्भाचे, अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते. आईबापांनीच तसं नाव ठेवलं तर त्या माणसाला निवडणूक लढायला बंदी कशी करायची, अशा अर्थाचं विचारून त्यांनी याचिकेला दार दाखवलं. विदर्भातल्या माणसाकडून दुसरं काय येणार? त्यांच्या वर्गातही दोन-तीन जण असतीलच.

आयोगानं २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो टाकायला सुरुवात केली. पण मला आवडतो तो जुना नियम. निवडणूक नियमांतला बाविसावा. दोन उमेदवारांचं नाव एकच असेल, तर त्यांच्या नावापुढं त्यांचा धंदा किंवा राहण्याचं ठिकाण लिहून, नाहीतर आणखी कुठल्या रीतीनं ते वेगळे करावेत, असं तो सांगतो. म्हणजे मेश्राम कंडक्टर, मेश्राम मास्तर! हा नियम वाचला त्या दिवशी मी उठून गावातल्या पारापर्यंत जाऊन आलो. सरकारला उत्तर माहीत होतं. फक्त ते निवडणुकीपुरतं वापरायचं ठरलं होतं. साल? १९६१.

मी ३० जून २०१८ ला निवृत्त झालो. जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी जावं लागतं. वेतनवाढ १ जुलैला मिळते. म्हणजे वर्षभर राबून वाढीच्या एक दिवस आधी आम्ही सगळे १ जुलैवाले बाहेर. गुरुजींच्या एका फटकाऱ्यानं एक वेतनवाढ आणि, आईचं खरं मानलं तर, वर चार-पाच महिन्यांचा पगार गेला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असल्या लोकांना ती वाढ द्यावी असं ठरवलं, तेव्हा आमच्या पेन्शनरांच्या बैठकीत पेढे वाटले. वर्गणी काढली कंडक्टरनं. पावती फाडली माझ्या नावानं, पण त्याला इलाज नाही.

माझ्या नातीचा जन्म मागल्या वर्षीचा. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकराच्या नावात आता आईचं नाव आधी, मग बापाचं, मग आडनाव. दाखला हातात आला तेव्हा मी तो बराच वेळ पाहत बसलो. नाव इतकं लांब की सुनेनं अंगणवाडीच्या कागदात ते दोन ओळींत बसवलं. पण १९६६ साली शाळेच्या त्या रजिस्टरात आईचा रकाना असता, तर? कंडक्टरच्या आईचं नाव वेगळं होतं, माझ्या आईचं वेगळं. ती दोन नावं गुरुजींनी कधी विचारलीच नाहीत, आणि दोघीही तिथंच दारात उभ्या होत्या.

नोव्हेंबर आला की मी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जातो. यंत्रावर अंगठा ठेवतो. यंत्राला नाव-गाव कळत नाही, ते फक्त अंगठा पाहतं आणि हिरवा दिवा लावतं. बाहेर बाकावर कंडक्टर बसलेला असतो. काउंटरवरून नाव पुकारलं की आम्ही दोघं एकमेकांकडं बघतो आणि ज्याचे गुडघे त्या दिवशी बरे असतील तो उठतो.

शेवटी संपादकांना एक विनंती. या लेखाचं मानधन पाठवताना खाते क्रमांक पाहावा, नावावर जाऊ नये. मागच्या लेखाचे पैसे मेश्राम कंडक्टरच्या खात्यात जमा झाले. लेख बरा जमला होता, हे त्यानंच मला स्टँडवर सांगितलं.